पहिलं कस्टम वॉटर कूलिंग: इंदूरच्या उन्हाळ्यात करावं का, आणि करायचं तर कसं?

सुदामानगरकर | ६ एप्रिल, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरेच महिने मनात घोळतंय, आज लिहूनच टाकतो.

माझ्याकडे रायझन ७ ७८००एक्स३डी हा सीपीयू (प्रोसेसर) आणि आरटीएक्स ४०८० हे ग्राफिक्स कार्ड आहे. कॅबिनेट लियान लीचं ओ११ डायनॅमिक एव्हो. सध्या दोन्हीकडे हवेचेच कूलर आहेत. खोली गच्चीच्या खाली. दुपारी स्लॅब तापला की रात्री दहापर्यंत खोलीत ३६ अंश असतात. गेम सुरू केला की कार्ड ८० च्या आसपास जातं आणि पंखे असे घोंघावतात की भिंतीपलीकडे आजीला झोप लागत नाही. आजी स्वतःहून कधी काही बोलत नाही, पण मला कळतं.

म्हणून कस्टम लूप करायचं ठरवतोय. पाईप, पंप, रेडिएटर सगळं स्वतः जोडायचं. याआधी आयुष्यात कधी केलेलं नाही. बजेट साठ हजार. विचारायचं एवढंच: आपल्या इकडच्या उन्हाळ्यात याचा खरंच उपयोग होतो का? रेडिएटर किती घ्यावेत? पहिल्या वेळी कोणत्या चुका होतात? आणि इंदुरात काय मिळतं, बाहेरून काय मागवावं लागतं?

रामबागकर | ६ एप्रिल, रात्री ११:४२

कर रे बाबा. असं काम दोन्ही हातांनी केल्याशिवाय समजत नाही. धागा वाचतोय.

शांत_वारा | ७ एप्रिल, सकाळी ७:२०

मी विरोधात लिहितोय, राग मानू नका. साठ हजार घालण्याआधी अंडरव्होल्ट करून बघितलंत का? माझंही ४०८० च आहे. व्होल्टेज थोडं उतरवल्यावर बहुतेक गेम्समध्ये ३२० वॅटऐवजी अडीचशेच्या आसपास घेतं, आणि फ्रेम्समधला फरक मला तरी जाणवत नाही. वॅट कमी म्हणजे उष्णता कमी, म्हणजे पंखे हळू. खर्च शून्य.

दुसरं असं की पाण्याने उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त चिपपासून रेडिएटरपर्यंत नेली जाते. तिथून शेवटी त्याच तापलेल्या खोलीत सुटते. खोली ३६ असेल तर लूपमधलं पाणी ३६ च्या खाली कधीच जाणार नाही.

सुदामानगरकर | ७ एप्रिल, सकाळी ९:०५

@शांत_वारा, राग कसला. अंडरव्होल्ट आज रात्रीच करतो. पण तरीही लूप करायचंच आहे. खरं सांगायचं तर मला ते बांधायचंय. लहानपणी बाबांबरोबर कूलरचा पंप बदलायचो, तेव्हापासून पाणी फिरताना बघायला आवडतं.

अवंती_के | ७ एप्रिल, दुपारी २:३०

मी चार वर्षं लूप वापरतेय, राजेंद्रनगरला. शांत_वारा यांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. पाणी खोलीपेक्षा गार होत नाही, मान्य. फायदा कुठे होतो, तर कार्डावरच्या छोट्या हीटसिंकऐवजी तुम्हाला कितीतरी मोठा पृष्ठभाग मिळतो. तेवढीच उष्णता बाहेर टाकायला पंखे हळू फिरले तरी चालतात. तुमचं दुखणं आवाजाचं आहे, म्हणजे तुम्ही बरोबर जागी आलात.

ढोबळ हिशोब सांगते. पंखे मध्यम वेगात असतील आणि पाणी खोलीपेक्षा दहा अंश गरम राहिलेलं चालणार असेल, तर १२० मिलिमीटरच्या प्रत्येक पंख्यामागे साधारण १०० वॅट धरा. तुमचा सीपीयू गेममध्ये ऐंशीच्या आसपास आणि कार्ड ३२०, म्हणजे झाले ४००. एक ३६० चा (तीन पंख्यांचा) आणि एक २४० चा (दोन पंख्यांचा) रेडिएटर, असे पाच पंखे पुरतात. पण शांतता हवी असेल तर ३६० चे दोन घ्या. तुमच्या कॅबिनेटमध्ये वर आणि खाली दोन्हीकडे ३६० बसतो. फक्त जाडी मोजा. ३० मिलिमीटरचा रेडिएटर आणि २५ चा पंखा म्हणजे ५५ झाले. खालचा बसवल्यावर कार्डाच्या आणि पंख्यांच्या मध्ये किती जागा उरते ते पट्टी लावून बघा, अंदाजावर जाऊ नका.

पाती विरळ असलेला रेडिएटर घ्या, इंचाला १६ च्या आसपास. ३० पात्यांच्या दाट रेडिएटरला पंखे जोरात फिरवावे लागतात, आणि आपल्याकडची धूळ त्यात अशी बसते की ब्रशनेही निघत नाही.

खरा फरक कार्डात दिसेल. सीपीयूकडून फार अपेक्षा ठेवू नका. एक्स३डी चिपमधून उष्णता बाहेर यायलाच वेळ लागतो, तिथे पाणी लावून थोडेच अंश कमी होतात.

भिया_इंदौरी | ७ एप्रिल, संध्याकाळी ६:१५

मी एसजीएसआयटीएसला (इथलं इंजिनिअरिंग कॉलेज) दुसऱ्या वर्षाला आहे, तज्ज्ञ नाही. पण एक विचार करून राहिलोय. रिझर्व्हॉयरच्या, म्हणजे लूपच्या टाकीच्या, जागी माठ ठेवला तर? वीस लिटरचा माठ, आपल्या मे महिन्यात त्यातलं पाणी किती थंड राहतं! पाणी खोलीपेक्षा खाली जाणार नाही असं वर लिहिलंय, माठात तर जातंच ना?

रामबागकर | ७ एप्रिल, संध्याकाळी ६:३१

हा पोरगा पुढे जाणार 😄

डिझेलकाका | ७ एप्रिल, रात्री ९:४८

भिया, प्रश्न चांगला विचारलास, म्हणून सविस्तर उत्तर देतो. मी रतलामच्या डिझेल शेडमध्ये नोकरी केली. इंजिनाचं पाणी हा माझा रोजचा विषय होता.

माठ गार होतो तो बाष्पीभवनाने. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल लागतात. ४०० वॅट म्हणजे तासाला १४४० किलोज्यूल. एवढी उष्णता निव्वळ बाष्पीभवनाने काढायची तर तासाला सहाशे मिलिलिटर पाणी उडालं पाहिजे, दिवसाला चौदा लिटर. आपल्या घरचा माठ एवढा झिरपत नाही. म्हणजे माठातलं पाणी हळूहळू तापत जाईल. शिवाय पाणी उडतं पण क्षार मागे राहतात. माठाला बाहेरून पांढरं पुट चढतं ते हेच. ते ब्लॉकच्या (चिपवर बसतो तो धातूचा ठोकळा, ज्यातून पाणी फिरतं) बारीक फटींत बसलं की संपलं. उघड्या पाण्यात शेवाळही धरेल.

याच निमित्ताने आणखी एक गैरसमज काढतो. 'टाकी मोठी घेतली की पाणी गार राहतं' असं बरेच जण समजतात. एक लिटर पाण्यात ४०० वॅट ओतले तर ते दर दहा-अकरा सेकंदांना एक अंश तापतं. दोन लिटर असेल तर वीस-बावीस सेकंद लागतील. टाकी फक्त वेळ लांबवते. शेवटचं तापमान ठरवतो तो रेडिएटर आणि त्यातून जाणारी हवा. टाकीचं खरं काम म्हणजे हवेचे बुडबुडे वर येऊ देणं आणि पंपाला पाणी कमी पडू न देणं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एका लूपमध्ये कधीही आणू नका. दोन वेगळे धातू एका पाण्यात आले की तो बॅटरीचा सेल झाला. तांब्याचं विभव +०.३४ व्होल्ट, अ‍ॅल्युमिनियमचं -१.६६. अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याचा गाळ सगळीकडे फिरतो. स्वस्तातल्या संचांमध्ये पुष्कळदा रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा निघतो. घेण्याआधी धातू कोणता ते लिहिलेलं बघा. तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा दिलेलं तांबं एकत्र चालतं.

भिया_इंदौरी | ७ एप्रिल, रात्री १०:०२

काका, हे तर वर्गात शिकवलं होतं, पण माठाला लावून पहिल्यांदाच समजलं. धन्यवाद.

ग्वाल्हेरची_मीरा | ८ एप्रिल, सकाळी ८:१७

आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात उन्हाळा तुमच्यापेक्षा कडक. गेल्या मे महिन्यात खोलीत ४० आणि लूपच्या पाण्यात ५२ मी स्वतः बघितलेत. त्याने काही बिघडलं नाही, पण एक लक्षात ठेवा: डी५ पंपाला पाण्याची मर्यादा साठ अंशांची असते. म्हणून पाण्याचं तापमान दाखवणारा सेन्सर आधी घ्या, दिव्यांची रोषणाई नंतर. साध्या जी १/४ (पाव इंची आट्यांच्या) झाकणात बसवलेला येतो. मदरबोर्डवर त्याच्यासाठी दोन पिनांची जागा आहे का बघा आणि पंखे सीपीयूच्या तापमानावर न ठेवता पाण्याच्या तापमानावर लावा. सीपीयूचा आकडा सेकंदाला उड्या मारतो, पाणी सावकाश तापतं. पंख्यांचा सारखा वरखाली होणारा आवाज बंद झाला की अर्धी झोप परत येते.

आणि संध्याकाळी डेझर्ट कूलर लावत असाल तर कॅबिनेटकडे येणारी हवाच गार होते. कोरड्या मे महिन्यात याने चांगला फरक पडतो, पावसाळ्यात काही नाही. थेट झोत मात्र मारू नका, तुषार उडतात.

काचनळी | ८ एप्रिल, दुपारी १२:४०

हार्ड ट्यूबच घ्या, कडक नळ्या. मऊ पाईपचं लूप बघायला रबरी नळीसारखं दिसतं. एवढा खर्च करायचा आणि दिसायला साधं? हीट गन, आत घालायची सिलिकॉनची दोरी आणि चार नळ्या वाया घालवायची तयारी, एवढंच लागतं. पेटजी (एक प्रकारचं प्लास्टिक) वाकवायला सोपी, अ‍ॅक्रिलिक जास्त उष्णता सहन करतं.

अवंती_के | ८ एप्रिल, दुपारी १:२५

@काचनळी, तुमच्या लूपचे फोटो मी बघितलेत, देखणं काम आहे. पण पहिल्या वेळी मऊच घ्यावी, यावर मी ठाम आहे. कडक नळीत एका वाकाचा दोन मिलिमीटर अंदाज चुकला की ती फिटिंगमध्ये (नळी जोडायच्या तोंडात) तिरकी बसते आणि ओ-रिंगवर (गळती रोखणाऱ्या रबरी कड्यावर) एका बाजूने दाब येतो. कापल्यावर कड नीट घासली नाही तर तीच कड ओ-रिंग कापते. मऊ नळी या चुका माफ करते. रॅम बदलायची झाली तर जरा बाजूला सरकवता येते. आणि मीरा सांगतात तसं पाणी पन्नाशीच्या पुढे जाणार असेल तर पेटजी मला नकोच. तापून मऊ झालेली नळी फिटिंगमधून सरकू शकते.

काचनळी | ८ एप्रिल, दुपारी १:५०

पेटजीचा मुद्दा उन्हाळ्यापुरता मान्य. बाकी माझं मत कायम.

सियागंजवाला | ९ एप्रिल, सकाळी १०:३०

इंदुरात काय मिळतं ते सांगतो. पंखे, पेस्ट, कॅबिनेट, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) हे सगळं सिल्व्हर मॉलमध्ये. पण ब्लॉक, पंप, रेडिएटर ऑनलाइनच मागवावे लागतात, दुकानात नेहमी नसतात. आता सियागंजच्या हार्डवेअर बाजाराचं ऐका, कारण तिथेच माझा घात झाला होता.

जी १/४ म्हणजे आपली पाव इंची बीएसपी (पाईपच्या आट्यांचं ब्रिटिश माप), समांतर आट्यांची. म्हणून मी विचार केला की एवढ्याशा नोझलला सातशे रुपये कशाला, हार्डवेअरच्या दुकानात पितळेचं घेऊ. घेतलं. टेफ्लॉन टेप गुंडाळली, पान्याने आवळलं. ते निघालं निमुळत्या आट्यांचं. दिसायला सारखंच, पण आत जाताना पाचरीसारखं रुंदावत जातं. दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्रिलिकच्या टाकीला तोंडापासून केसासारखी चीर. नशीब की बोर्डाला वीज दिलेली नव्हती.

फिटिंगमध्ये गळती थांबवते ओ-रिंग, आटे नव्हेत. टेप लागत नाही, पाना लागत नाही. हाताने घट्ट, बस. आणि अ‍ॅक्रिलिक स्पिरिटने पुसू नका, त्यानेही बारीक भेगा पडतात. हेही मी करून बसलोय.

सियागंजातून प्लास्टिकचे मोजपात्र, नरसाळं, नळी कापायची कात्री जरूर घ्या.

राजवाड्याजवळ | ९ एप्रिल, सकाळी ११:१०

धुळीवरून आठवलं. आमचं घर गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, वाटेवर. यंदा रंगपंचमीनंतर फिल्टर काढला तर अख्खा गुलाबी. खिडक्या बंद होत्या तरी. त्या दिवशी पीसी चादरीखाली झाकून ठेवायचा हा आमच्या घरचा नियमच आहे आता.

रामबागकर | ९ एप्रिल, सकाळी ११:२२

गुलाबी रेडिएटर विकत घ्यायला लोक जास्त पैसे मोजतात, तुम्हाला फुकट मिळाला!

सायली_वडोदरा | ९ एप्रिल, दुपारी ४:००

मूळ धाग्यावर येऊन एक विचारते. पाणी कोणतं घालायचं? आमच्याकडे आरओचं घालतात असं ऐकलं. आणि गाडीचं हिरवं कूलंट?

डिझेलकाका | ९ एप्रिल, रात्री ८:५५

आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण असतातच. बोअरचं तर नावच नको. कूलरच्या वाळ्याच्या जाळीवर एका उन्हाळ्यात केवढा पांढरा थर बसतो ते बघा. नर्मदेचं नळाचं पाणी प्यायला उत्तम, लूपला नाही.

डिस्टिल्ड पाणी घ्या, आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारं द्रव्य घाला, किंवा ब्लॉक बनवणारी कंपनी जे तयार द्रव सांगते ते घ्या. इंजिनातही आम्ही नुसतं शुद्ध पाणी कधी घालत नसू, गंजरोधक असायचंच. गाडीच्या कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी आणि चवीला गोड. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर सांडलेला थेंबसुद्धा धोक्याचा. नकोच.

दुधी रंगाची द्रवं फोटोत सुंदर दिसतात, पण त्यात घन कण तरंगत असतात, ते पुढे ब्लॉकमध्ये साचतात. पहिल्या लूपला स्वच्छ, बिनरंगी द्रव. एक थेंब गळला तरी कुठून आला ते शोधता येतं.

आणि 'शुद्ध पाण्यातून वीज वाहत नाही, मग गळलं तर काय' हा विचार मनात आणू नका. लूपमध्ये फिरताना आणि बोर्डावरच्या धुळीत मिसळताना ते शुद्ध राहत नाही.

सुदामानगरकर | १२ एप्रिल, रात्री १०:२०

सगळं वहीत उतरवून घेतलं. योजना अशी: ३० मिलिमीटरचे तांब्याचे दोन ३६०, डी५ पंप टाकीसकट, १०/१६ ची (आतून १०, बाहेरून १६ मिलिमीटर) मऊ नळी, सेन्सर. अंडरव्होल्ट केलं, कार्ड २५५ वॅटवर आलं, शांत_वारा यांचे आभार. क्रम असा ठेवतोय: टाकी, पंप, कार्ड, रेडिएटर, सीपीयू, रेडिएटर. म्हणजे सीपीयूला कार्डाचं गरम पाणी जाणार नाही. बरोबर?

अवंती_के | १२ एप्रिल, रात्री १०:५५

क्रमाची काळजी सोडा. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ४०० वॅटचा भार उचलून ते दोन अंशसुद्धा तापत नाही, दीडच्या आसपास. फेरी काही सेकंदांत पूर्ण होते, म्हणून सगळीकडे जवळपास एकच तापमान. नळी जिथून छोटी आणि सरळ जाते तो क्रम घ्या. एकच नियम मोडायचा नाही: टाकी पंपाच्या वर. पंप कोरडा चालला तर त्याचं बेअरिंग जातं, त्याला वंगण पाण्याचंच असतं.

तुमच्या यादीत निचऱ्याची सोय दिसत नाही. सगळ्यात खालच्या जागी एक टी आणि बॉल व्हॉल्व्ह लावा. माझ्या पहिल्या लूपला नव्हता. पाणी काढायला कॅबिनेट उचलून बाथरूममध्ये आडवं केलं होतं, आईने धरलेलं, मी रडकुंडीला आलेली.

रेडिएटर नवे असले तरी गरम डिस्टिल्ड पाण्याने धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. आत डाग देतानाचे अवशेष असतात.

शांत_वारा | १३ एप्रिल, सकाळी ७:४५

कार्डाचा ब्लॉक मागवण्याआधी पीसीबी (कार्डाचा सर्किट बोर्ड) कोणता ते तपासा. ४०८० नाव एकच, पण प्रत्येक कंपनीचा बोर्ड वेगळा, एकाचा ब्लॉक दुसऱ्याला बसत नाही. थर्मल पॅडची जाडीही ब्लॉकच्या कागदावर दिलेलीच वापरा. आणि कूलर काढल्यावर वॉरंटी राहते का, हे विक्रेत्याकडून ईमेलवर लेखी घ्या. मला काउंटरवर तोंडी 'हो' सांगितलं होतं, नंतर स्क्रूवरचं स्टिकर दाखवून परत पाठवलं.

ग्वाल्हेरची_मीरा | १३ एप्रिल, सकाळी ९:३०

गळती चाचणी! मी तीन टप्प्यांत करते. आधी हवेचा हातपंप आणि दाबमापक लावून अर्ध्या बारच्या आसपास दाब, तुमच्या टाकीची मर्यादा बघून. पंधरा-वीस मिनिटं काटा हलता कामा नये. मग पाणी, पण बोर्ड आणि कार्डाच्या सगळ्या वायर काढून, फक्त पंपाला वीज. एसएमपीएस बोर्डाशिवाय सुरू करायला २४ पिनांच्या प्लगमध्ये सोळावी पिन, म्हणजे हिरव्या तारेची, काळ्या तारेला जोडतात. हल्ली सगळ्या तारा काळ्याच येतात, म्हणून तयार जंपर प्लग घ्या. पंप थोडा चालवा, टाकी रिकामी व्हायच्या आत बंद करा, भरा, परत चालवा. शेवटी प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर आणि रात्रभर पंप सुरू.

सुदामानगरकर | १७ मे, सकाळी ६:५०

मंडळी, झालं. उशीर झाला, कारण कार्डाचा ब्लॉक यायला तीन आठवडे लागले.

हवेच्या चाचणीत काटा सावकाश उतरत होता. दोन तास शोधलं. वरच्या रेडिएटरच्या एका फिटिंगची ओ-रिंग खाचेतून बाहेर येऊन चिमटली होती. बाबांनी बॅटरी धरली, मी बदलली, मग काटा जागचा हलला नाही. पाणी भरलं, बाबा आणि मी आळीपाळीने रात्रभर बसलो. सकाळी सगळे टिश्यू कोरडे.

काल रात्री खोली ३६, पाणी ४४, कार्ड ५७, सीपीयू ७१. आधी कार्ड ८० होतं, अंडरव्होल्टनंतर ७३. पंखे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आहेत. सकाळी आजीला विचारलं, रात्री आवाज आला का? म्हणाली, "तू काल खेळलाच नाहीस ना?"

डिझेलकाका | १७ मे, सकाळी ७:१५

शाब्बास. तुझ्या बाबांनाही सांग. महिन्याभराने टाकीतली पातळी बघ, बुडबुडे निघाले की थोडी उतरते.

भिया_इंदौरी | १७ मे, सकाळी ८:४०

भिया, जबरदस्त! एकूण द्रव किती लागलं? मी पण यादी करून राहिलोय.

सुदामानगरकर | १७ मे, सकाळी ९:०२

साधारण सव्वा लिटर. दोन लिटर घेऊन ठेव, रेडिएटर धुवायचं डिस्टिल्ड पाणी वेगळं. आणि ये रविवारी घरी, निचऱ्याचा व्हॉल्व्ह कुठे बसवलाय ते दाखवतो.